उजेडाचा हत्ती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज तुमच्याशी एका हत्तीविषयी बोलायचं आहे. हा हत्ती चारा खात नाही, पाणी पीत नाही. त्याला माहूत लागत नाही आणि त्याच्या पायात साखळदंडही नाही. जर्मनीतल्या एका सर्कशीच्या रिंगणात तो अवतरला. डौलात उभा राहिला, पुढच्या दोन पायांवर सगळं अंग तोलून त्यानं कसरत केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या क्षणी तो दिसेनासा झाला. रिंगणातल्या मातीवर त्याच्या पावलाचा एकही ठसा उरला नाही, कारण तो हत्ती उजेडाचा होता.

या सर्कशीचं नाव रोन्काली. १९७६ साली ती सुरू झाली आणि बर्नहार्ड पॉल हे तिचे संस्थापक. वाघ-सिंहांचे खेळ या सर्कशीनं १९९०च्या दशकातच सोडून दिले होते. पुढे २०१८मध्ये उरलेले घोडेही तिनं रिंगणातून कायमचे बाहेर काढले. मग प्रश्न आला, सर्कशीत प्राणीच नसतील तर पोरांनी पाहायचं काय? पॉल यांनी त्याचं उत्तर उजेडात शोधलं. रिंगणाभोवती जवळजवळ न दिसणारी बारीक जाळी लावली आणि तिच्यावर अकरा लेझर प्रोजेक्टरांनी चहूबाजूंनी चित्रं टाकली. तंबूत कुठंही बसलं तरी समोर हत्ती दिसावा, घोडे गोल गोल धावावेत आणि एक सोनेरी मासा तंबूच्या हवेत पोहत जावा, अशी ही योजना. या दृश्यांची चित्रफीत जगभर फिरली. पुष्कळांनी ती आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर पाहिली असेल.

लोक याला होलोग्राम म्हणतात. कवीला शब्दाची खोडी काढल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा जरा या शब्दाकडे पाहू. ग्रीक भाषेत ‘होलोस’ म्हणजे अखंड, सगळं आणि ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेलं. एखाद्या वस्तूकडून येणारा उजेड जसाच्या तसा, सगळाच्या सगळा लिहून ठेवायचा, अशी ही कल्पना. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ डेनिस गॅबॉर यांना ती १९४७ साली इंग्लंडमध्ये सुचली. ते खरं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या मागे होते. साधा फोटो उजेड किती आला एवढंच टिपतो. होलोग्राम उजेडाच्या लाटा कशा, कोणत्या अवस्थेत आल्या, हेही टिपतो. म्हणून मान थोडी हलवली की वस्तूची बाजूही दिसते. १९६०मध्ये लेझर आला आणि ही कल्पना खऱ्या अर्थानं वापरात आली. १९७१ साली गॅबॉर यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

गंमत अशी, की आपल्यापैकी अनेकांनी होलोग्राममधला प्राणी फार पूर्वीच हाताळलेला आहे. बँकेच्या काही कार्डांवर एक चमचमणारं कबूतर असायचं, आठवतं? कार्ड तिरकं केलं की ते पंख हलवतंय असं वाटायचं. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकानं तर मार्च १९८४च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम छापला होता.

सर्कशीतला हत्ती मात्र काटेकोर बोलायचं तर होलोग्राम नव्हे. त्याचं कूळ वेगळं आहे. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाला ते लगेच कळेल. बाहेर अंधार, आत दिवा. काचेत आपलाच चेहरा दिसतो आणि तो बाहेरच्या शेतांवरून, बाभळींवरून आपल्याबरोबर धावत असतो. चेहरा काचेवर नसतो, काचेपलीकडच्या अंधारात असल्यासारखा दिसतो. हीच युक्ती लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२च्या नाताळच्या आदल्या दिवशी रंगमंचावर केली. मोठी तिरकी काच, खाली लपवलेला आणि झगझगीत उजेडात ठेवलेला नट आणि मंचावर तरंगणारं त्याचं भूत. म्हणून तिचं नावच ‘पेपरचं भूत’ पडलं. आज काचेच्या जागी पारदर्शक पडदे आणि बारीक जाळ्या आल्या, नटाच्या जागी संगणकानं घडवलेलं चित्र आलं. आपल्याकडेही निवडणुकीच्या सभांत पुढारी एकाच वेळी अनेक गावांत अवतरले ते याच कुळातल्या तंत्रानं. २०२२च्या जानेवारीत दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा उजेडाचा पुतळा उभा राहिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथं ग्रॅनाइटचा पुतळा आला. लोकांच्या तोंडी होलोग्राम हाच शब्द बसला आहे. मीही तोच वापरतो.

आता पुढारी उजेडाचे झाले काय आणि नाही झाले काय, फारसं बिघडत नाही. पण प्राणी उजेडाचा झाला की एक मोठी गोष्ट घडते. खऱ्या प्राण्याची सुटका होते. ती किती मोठी, हे ज्यांनी जुनी सर्कस पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

मी सोलापूरचा. आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या दशकाच्या शेवटी, त्या दिवसांत सर्कस यायची. अब्बा गिरणीत कामाला होते. दुसरी पाळी संपवून ते रात्री उशिरा घरी यायचे आणि थंडीची ती शांत रात्र चिरत कधी कधी सिंहाची डरकाळी ऐकू यायची. आम्ही भावंडं गोधडीत आणखी आत सरकायचो. भीती वाटायची आणि भीतीपेक्षा अभिमान जास्त वाटायचा, की आमच्या गावात सिंह आलाय! एका रात्री मी अब्बांना विचारलं, “एवढ्या रात्री तो का ओरडतो?” अब्बा डबा धुता धुता म्हणाले, “उसकू नींद नई आती होगी.” त्याला झोप येत नसेल. पाळीत काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची मोडलेली झोप चटकन कळते.

सर्कस ही महाराष्ट्राची अभिमानाची गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८०मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. आधुनिक भारतीय सर्कशीची सुरुवात तिथून मोजतात. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या प्रचंड सर्कशीत जाऊन पोहोचले. वाघ, सिंह, बिबटे यांना एका पिंजऱ्यात घेऊन ते उभे राहायचे. त्यांच्या मराठी आत्मकथनाचं नाव आहे ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. हे नाव नुसतं वाचलं तरी कळतं, की त्या माणसाचा जीव त्या जनावरांवर होता. ती माया खरी होती आणि पिंजराही खरा होता. मायेनं पिंजऱ्याचे गज विरघळत नाहीत. रात्री खेळ संपला की माणूस घरी जायचा, सखेसोबती पिंजऱ्यातच राहायचे.

केंद्र सरकारनं १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या प्राण्यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. तिकडे अमेरिकेत रिंगलिंगनं २०१६मध्ये हत्ती निवृत्त केले, २०१७मध्ये सर्कसच बंद केली आणि २०२३मध्ये ती प्राण्यांशिवाय पुन्हा उघडली. आपल्याकडे कितीतरी तंबू मात्र मिटले ते मिटलेच. बंदी योग्यच होती. पण त्या तंबूत झुल्यावर जीव टांगणारी, हसवणारी, घोड्यांना दाणा घालणारी माणसंही होती. त्यांच्या चुलीचा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. म्हणून रोन्कालीची गोष्ट मला मोलाची वाटते. प्राणी गेला तरी तंबू उभा राहू शकतो, विदूषकाची भाकरी सुटत नाही, हे तिनं दाखवलं.

खरा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, कळपात राहतो आणि मैलोन् मैल चालतो. हे सगळं गावोगाव फिरणाऱ्या तंबूत त्याला कोण आणि कसं देणार? उजेडाच्या हत्तीला यातलं काहीच लागत नाही. म्हणून त्याच्या येण्यानं आनंद व्हायला हवा आणि मला तो झालाच.

पण मंडळी, आनंद झाल्यावर मी ती चित्रफीत दुसऱ्यांदा पाहिली आणि एका जागी थांबलो. तो हत्ती पुढच्या पायांवर उभा का राहिला?

रानातला हत्ती कधी अशी कसरत करतो का? ही कसरत माणसानं त्याला अंकुशाच्या धाकानं शिकवली. आता अंकुश गेला, हत्तीही गेला, पण कसरत उरली. उजेडाच्या हत्तीला काहीही करायला लावता आलं असतं. त्यानं सोंडेनं धूळ अंगावर उडवली असती, पिल्लाला चिखलातून वर ढकललं असतं, मेलेल्या सोबत्याच्या हाडांपाशी थांबून ती सोंडेनं चाचपली असती. हे सगळं खरे हत्ती करतात आणि ते पाहायला कुठल्याही कसरतीपेक्षा मोठं आहे. पण आपण त्याला पुन्हा आपल्या करमणुकीचा गुलामच करून उभा केला. ते पाहणारं पोर घरी जाताना हेच शिकतं, की हत्ती हा आपल्यासाठी उलटा उभा राहणारा प्राणी आहे. तंत्र नवं आणि नजर जुनी, असं झालं तर संवर्धनाला त्याचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. प्राणी उजेडात साठवता येतो, म्हणून तो रानात नसला तरी चालेल, असं आपल्याला वाटू लागलं तर?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तिथं थायलेसिन नावाचा प्राणी होता. अंगानं कुत्र्यासारखा, पाठीवर वाघासारखे पट्टे आणि कांगारूसारखी पिल्लाची पिशवी. माणसांनी बक्षिसं लावून त्याला मारलं. शेवटचा थायलेसिन होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. त्याआधी, १९३३मध्ये, डेव्हिड फ्ले या निसर्ग अभ्यासकानं तिथल्या थायलेसिनचं थोडं चित्रण करून ठेवलं होतं. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं ते रंगीत करून लोकांसमोर आणलं. तो येरझाऱ्या घालतो, बसतो, जांभई देतो. जबडा केवढा तरी उघडतो. पाहताना वाटतं, हा तर जिवंत आहे! मग लक्षात येतं, की जगात त्याचं उरलंय ते एवढंच. उद्या कुणी त्याचा होलोग्राम करील, तो आपल्या दिवाणखान्यातही येऊन बसेल. पण तो उजेड कबरीवर लावलेल्या दिव्यासारखा असेल. दिवा लावावा, जरूर लावावा. पण दिवा लावल्यानं गेलेला माणूस परत आला, असं कुणी समजत नाही.

उत्तरेकडचा पांढरा गेंडा आज नेमका या उंबरठ्यावर उभा आहे. त्यातला शेवटचा नर, त्याचं नाव सुदान, केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात १९ मार्च २०१८ रोजी गेला. मागे राहिल्या दोन माद्या, त्याची लेक नाजिन आणि नात फातू. पुढच्याच वर्षी अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग या ब्रिटिश कलावतीनं एका मोठ्या पडद्यावर या गेंड्याची पूर्ण आकाराची संगणकीय प्रतिमा उभी केली. आधी तो ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसतो. खोलीत हिंडता हिंडता तो अधिकाधिक खरा होत जातो, समोर येतो, पाहणाऱ्याकडे पाहतो आणि नाहीसा होतो. कलाकृतीचं नाव ‘द सब्स्टिट्यूट’, म्हणजे बदली. शाळेत बदली शिक्षक येतात ना, तसा बदली गेंडा. ज्याला आपण रानात वाचवू शकलो नाही, त्याला पडद्यावर जिवंत करण्याची एवढी हौस का, असा टोचरा प्रश्न ही कलाकृती विचारते.

म्हणजे एकच उजेड दोन कामं करू शकतो. खऱ्या प्राण्याला मोकळं करू शकतो आणि खऱ्या प्राण्याचा विसरही पाडू शकतो. कोणतं काम त्यानं करायचं, हे प्रोजेक्टर ठरवत नाही. ते पाहणाऱ्याच्या भुकेवर ठरतं.

ही भूक किती वाढली आहे, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ३१ डिसेंबर २०२४. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-टू या नावानं ओळखली जाणारी वाघीण तिच्या पाच बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती. दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. वर्षाचा शेवटचा दिवस, प्रत्येकाला वाघ हवा, तोही जवळून हवा आणि मोबाइलमध्ये हवा. ती दृश्यं पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाड्यांमधली माणसं दुष्ट नव्हती. वाघ आवडतो म्हणूनच तर ती पैसे मोजून आली होती. पण आवडत्या प्राण्याला चालायला वाट ठेवायची असते, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

इथं उजेड उपयोगी पडू शकतो. समजा, जंगलाच्या प्रवेशद्वारापाशी एका अंधाऱ्या दालनात वाघीण आणि तिचे बछडे पूर्ण आकारात तुमच्यासमोर आले. तुमच्यापासून चार हातांवर ती पाणी प्यायली, बछड्यानं तिचा कान ओढला. जवळून पाहण्याची हौस तिथंच फिटली. मग गाडीत बसून आत गेलात आणि वाघ नाही दिसला, तरी जंगल दिसेल. बांबू दिसेल, सुतार पक्षी ऐकू येईल, मातीतला पंजाचा ठसा पाहून अंगावर काटा येईल. वाघ न दिसणं हा आपला तोटा नसतो, ती त्याची खासगी गोष्ट असते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात २०२३मध्ये नुसत्या होलोग्रामचं प्राणिसंग्रहालय उघडलं. असं दालन आपल्या ताडोबाच्या वेशीवर झालं, तर त्याचा उपयोग शहरातल्या मॉलपेक्षा नक्कीच जास्त होईल.

पण उजेडाकडून किती अपेक्षा करायची, यालाही मर्यादा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, जिला लोक लाडानं माधुरी म्हणतात, तिला न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५मध्ये गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवण्यात आलं. तिला निरोप देताना सारा गाव रडला. तिला परत आणा म्हणून हजारो लोक पायी चालले. एका बाजूला तिच्या आरोग्याचा, तिच्या एकटेपणाचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला तीन दशकांहून अधिक काळचा घरोबा होता. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली मंदिरानं २०२३मध्ये खऱ्या हत्तीऐवजी यंत्राचा हत्ती उत्सवात आणला. तो कान हलवतो, सोंड उचलतो आणि मिरवणूक पार पडते. पण नांदणीच्या बायाबापड्यांना मी जाऊन सांगू शकतो का, की रडू नका, तुम्हाला उजेडाची माधुरी आणून देतो? नाही सांगू शकत. डोळ्यांची हौस उजेड भागवील, पण खरबरीत सोंडेवरून फिरलेल्या हाताला उजेड काय देणार? ज्यांनी जिव्हाळा लावला त्यांचं दुःख खरं आहे, हे मान्य करूनच पुढं जावं लागेल. मला एवढंच वाटतं, की पुढच्या पिढीनं हत्तीशी नातं जोडताना त्याच्या रानाशीही नातं जोडावं. म्हणजे मायेला साखळीची गरज पडणार नाही.

हे सगळं बोलताना माझ्या डोळ्यांसमोर एक पक्षी आहे. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथल्या माळरानावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला वजनदार पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो, शेपटी पंख्यासारखी उभारतो आणि घुमणारा आवाज काढत माळावर मिरवतो. आज देशभरात मोकळ्यावर उरलेले माळढोक दीडशेच्या आत-बाहेर असतील आणि तेही बहुतेक राजस्थानात. गवताळ माळ नांगराखाली गेले. उरलेल्या माळांवर विजेच्या तारा आल्या. हा पक्षी जड आहे आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो तारांवर आदळतो. जैसलमेर जिल्ह्यात त्याच्या पैदाशीची केंद्रं चालवली जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथं कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. आमच्या नान्नजला मात्र एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते.

सोलापूरच्या शाळांतल्या हजारो मुलांच्या गावाची ओळख माळढोक आहे आणि त्यांतल्या एकानंही तो पाहिलेला नसेल. या मुलांसमोर गड्ड्याच्या यात्रेत एक छोटा तंबू उभा राहावा आणि त्यात उजेडाचा माळढोक नाचावा, अशी माझी इच्छा आहे. पूर्ण उंचीचा, मीटरभर उंच, गळ्याची पिशवी हलवत घुमणारा. वाघाचं कौतुक सगळे करतात. माळाला मात्र आपण पडीक जमीन म्हणतो. माळही जंगलासारखाच भरलेला असतो, त्यात काळवीट असतात, लांडगा असतो, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसू दे.

पण या तंबूला माझ्या काही अटी आहेत. पहिली अट, प्राण्यानं तेच करावं जे तो रानात करतो. माळढोकानं सायकल चालवायची नाही. दुसरी अट, खेळ संपताना त्या प्राण्याचा पत्ता सांगावा. तो कुठं राहतो, किती उरलेत, कशानं मरतात, हे पाहणाऱ्याच्या कानावर गेलंच पाहिजे. पत्ता नसलेला प्राणी परीकथेतला होतो. तिसरी अट, प्रतिमा घडवण्यासाठी खऱ्या प्राण्याच्या मागे कॅमेरे घेऊन धावू नये. विणीच्या माळावर तर पाऊलही टाकू नये, जुन्या चित्रणावरून आणि अभ्यासकांच्या नोंदींवरून काम भागवावं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची अट. तिकिटाच्या पैशातला ठरलेला वाटा त्या रानात आणि त्या रानाशेजारच्या गावात जावा. कारण रान राखण्याची किंमत शहरातला प्रेक्षक मोजत नाही. ती ताडोबाजवळ रात्री पिकाची राखण करणारा मोजतो आणि नान्नजच्या माळावर मेंढरं कुठं चारायची या विवंचनेत असलेला मेंढपाळ मोजतो. उजेडाच्या वाघाची तिकिटं शहरात विकली जातील आणि खऱ्या वाघानं गाय मारलेला शेतकरी भरपाईसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहील, तर तो उजेड कुणाच्याच कामाचा नाही.

मराठीत ‘मृगजळ’ असा एक सुंदर शब्द आहे. तापल्या माळावर उजेड पाण्याचं सोंग घेतो आणि तहानलेलं हरीण त्याच्यामागे धावतं, अशी ती कल्पना. आता काळ उलटा आला आहे. उजेडानं हरणाचं सोंग घेतलं आहे आणि आपण त्याच्यामागे निघालो आहोत. हरणाला निदान तहान लागलेली असते. आपल्याला कशाची तहान आहे, हे आपण ओळखलं तर हे मृगजळ आपल्याला खऱ्या हरणापर्यंत नेऊ शकेल.

तेव्हा श्रोतेहो, असा एखादा खेळ तुमच्या गावात आला तर पोराबाळांना घेऊन जरूर जा. हत्ती पाहा, वाघ पाहा, टाळ्या वाजवा. आणि बाहेर पडताना खेळ दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, “याचं घर कुठं आहे, आणि आमच्या तिकिटातलं तिथं किती पोहोचतं?” त्याला उत्तर देता आलं तर पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनाही पाठवा.